हा माणूस कुठेतरी बघितलाय राव... (ओसुगी रेन)

कोपऱ्यातली_खुर्ची

गेलं वर्षभर रात्री जेवणं आटोपली की एक जपानी सिनेमा असा माझा रतीब चालू आहे. घरच्यांनी आता नाद सोडलाय. तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लक्षात आलं की एक माणूस सारखा मध्ये मध्ये येतोय. एकात याकुझा (जपानी टोळीवाला गुंड), दुसऱ्यात पोलीस, तिसऱ्यात पोलिसांचा साहेब आणि एकात तर थेट पंतप्रधान. दर वेळी पॉज करून "अरे हा तोच" म्हणायचो आणि लगेच शंका यायची, तोच का पण? कारण चालणं वेगळं, आवाज वेगळा, वयसुद्धा वेगळं वाटायचं. शेवटी नाव शोधून काढलं. ओसुगी रेन. (ओसुगी हे आडनाव. जपानीत आडनाव आधी, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.)

इथे कुरोसावा, ओझू या जपानी दिग्दर्शकांवर बरेच धागे आहेत, मिफुने या नटावर तर दोनदा मारामारी झालीये. पण मागे उभ्या असणाऱ्या माणसांवर कोणी लिहीत नाही म्हणून हा धागा. मी काही अभ्यासक वगैरे नाही, चुकलं तर कान धरा.

जन्म २७ सप्टेंबर १९५१, शिकोकु बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात, कोमात्सुशिमा या गावी. खरं नाव ताकाशी. "रेन" त्याने मागाहून घेतलेलं. ताकादा वातारू नावाचा एक लोकगीतं गाणारा गायक त्याला फार आवडायचा, त्या गायकाच्या मुलाचं नाव रेन, ते याने उचललं. आवडत्या गायकाचं नाव घेणारे ढीगभर सापडतील, त्याच्या पोराचं नाव घेणारा हा एकच असावा. रेन म्हणजे पाण्यावर उठणारे बारीक तरंग. आता ऐका गंमत. असं नाव घेतलेला हा माणूस पुढे ज्या नाटकासाठी वर्षानुवर्षं स्टेजवर उभा राहिला त्या नाटकाच्या मधोमध एक गळका नळ आहे.

शिकायला तोक्योला मेजी विद्यापीठात गेला, ते अर्धवट सोडलं आणि १९७४ साली ओता शोगो या नाटककार-दिग्दर्शकाच्या तेन्केई गेकिजो या ग्रुपमध्ये शिरला. हा ग्रुप म्हणजे आपण ज्याला प्रायोगिक म्हणतो त्याच्याही दोन गल्ल्या पलीकडचा. १९८१ मध्ये त्यांनी 'मिझु नो एकी' म्हणजे 'पाण्याचं स्टेशन' केलं. स्टेजवर एक नळ, त्यातून बारीक धार सतत चालू, आणि एकेक माणसं कुठून तरी चालत येतात, पाणी पितात, थांबतात, निघून जातात. संवाद शून्य. अक्षरशः एक शब्द नाही. आणि चालायचा वेग किती, तर दोन मीटर जायला पाच मिनिटं. घरी करून बघा, मी केलं. दीड मिनिटात तोल जाऊन टीपॉयवर हात टेकला आणि बायको म्हणाली डॉक्टरकडे जाऊया का.

१९८८ मध्ये हा ग्रुप बंद झाला तोवर हा तिथेच होता. चौदा वर्षं. म्हणजे वयाच्या तेविशीपासून सदतिशीपर्यंत, नट म्हणून जी उमेदीची वर्षं असतात त्यातली बरीचशी याने तोंड न उघडता, मुंगीच्या पावलांनी चालण्यात घालवली. पोटासाठी काय करायचं, तर १९८० पासून जोडीने पिंक सिनेमे. पिंक म्हणजे काय ते माहीत नसेल तर खाली विचारा, इथे फक्त एवढंच सांगतो की तो मोठ्यांचा माल असतो आणि तिथे हा बऱ्यापैकी नाव कमावून होता.

मग आला १९९३ चा 'सोनातिने'. दिग्दर्शक ताकेशी कितानो. हो हो तोच, पोगोवर जावेद जाफरीच्या कॉमेंटरीत चिखलात माणसं पाडणारा 'ताकेशीज कॅसल'चा मालक. त्याचे स्वतःचे सिनेमे मात्र असे की चिखलातलं हसू आठवून अंगावर काटा येतो. ओसुगी ऑडिशनला गेला तेव्हा चाळिशी ओलांडलेला, पिंकबाहेरच्या सिनेमाच्या जगात जवळपास कोणी न ओळखणारा. त्याला मिळाला कातागिरी, हीरोच्या टोळीतला एक. तोक्योचे याकुझा ओकिनावाला जातात आणि तिथे काही काम नाही म्हणून समुद्रावर लहान पोरांसारखे खेळत बसतात, वाळूत रिंगण काढून कागदी पैलवान नाचवायच्या खेळासारखी खरी माणसं नाचवतात. कातागिरी त्यात आधी चिडका, वैतागलेला, हळूहळू सैलावत जाणारा. बघताना वाटतं की अभिनय चाललाच नाहीये.

तिथून पुढे मात्र धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. कितानो, ताकाशी मिइके, कियोशी कुरोसावा (वर म्हटलेला कुरोसावा नव्हे), साबू, नंतर सिओन सोनो, म्हणजे नव्वदीच्या पुढे जपानी सिनेमात ज्यांचं नाव झालं त्यातल्या बहुतेकांनी याला कधी ना कधी घेतलंय. शिवाय थेट व्हिडिओवर निघणारे याकुझापट वेगळे. इतके रोल की '३०० चेहऱ्यांचा माणूस' असं बिरुद चिकटलं, आणि त्याने २००१ मध्ये आत्मचरित्र लिहिलं त्याच्या मुखपृष्ठावरही ते आलं. पुस्तकाचं मुख्य नाव 'गेन्बामोनो'. गेन्बा म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. तर गेन्बामोनो म्हणजे साधारण 'कामाच्या जागेवरचा माणूस'. स्वतःला नट म्हणायच्या ऐवजी त्याने हा शब्द निवडला.

'हानाबी'बद्दल (१९९७) लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही पण आता साडेबारा वाजलेत. उद्या.

---

दुसरी_घंटा

वा! इथे कोणीतरी ओता शोगोचं नाव काढेल असं वाटलं नव्हतं. आम्ही कॉलेजात असताना आमच्या सरांनी 'पाण्याचं स्टेशन'बद्दल सांगितलं होतं आणि आम्ही सगळे मागच्या बाकावर खुदुखुदु हसलो होतो. मग एकदा वर्कशॉपमध्ये तसं चालायला लावलं आणि हसू गेलं. पाच मिनिटांत दोन मीटर म्हणजे पाय उचलला आणि ठेवला असं नसतंच, पाऊल हवेत असतानाच्या प्रत्येक क्षणी तुम्हाला कुठेतरी असावं लागतं. ढोंग लगेच पकडलं जातं. मनात भाजीची यादी चालू असेल तर ती बघणाऱ्याला दिसते.

माहितीसाठी, केरळच्या शंकर वेंकटेश्वरन यांनी हे नाटक आपल्याकडे बसवलंय. म्हणजे भारतात अगदीच अनोळखी नाही.

तुमच्या "अभिनय चाललाच नाहीये" या वाक्याबद्दल एकच भर. नाटकातली माणसं कॅमेऱ्यापुढे आली की मोठ्ठं करतात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते ना. हा मात्र अशा नाटकातून आला जिथे उलट सगळं लहान लहान करत न्यायचं होतं. कॅमेऱ्यासाठी याहून चांगली तालीम कुठली?

---

खोडकर_खवीस

म्हणजे जपानचा निळू फुले का? 😄

---

कोपऱ्यातली_खुर्ची

@खवीस, नाही हो. निळूभाऊ पडद्यावर आले की थिएटरात बायका बोटं मोडायच्या, त्यांची एक ओळख ठरलेली होती आणि तीच त्यांची ताकद. याची ओळखच ठरलेली नव्हती. लोकांना चेहरा माहीत, नाव नाही, आणि हा माणूस चांगला की वाईट हे पहिल्या सीनमध्ये कळायची सोय नाही. त्यामुळेच तर गुन्हेगारी सिनेमावाल्यांना तो हवा असायचा. दार उघडून ओसुगी आत आला की आता चहा देणार की गोळी घालणार ते सांगता येत नाही.

@दुसरी_घंटा, हे मी लिहायला हवं होतं. भाजीची यादी 👌

---

चाकणचा_शिफ्टवाला

अरे थांबा थांबा, गेन्बा म्हणजे आमचा गेम्बा का??? आमच्याकडे दर गुरुवारी 'गेम्बा वॉक' असतो, सगळे साहेब लोक एसीतून बाहेर येऊन लाईनवर फिरतात, हेल्मेट घालून, आणि आम्ही आदल्या दिवशी पिवळे पट्टे परत रंगवतो. गेली नऊ वर्षं हा शब्द ऐकतोय आणि मला वाटायचं हे कायझेन, फाईव्ह एस सारखं कंपनीवाल्यांनी काढलेलं काहीतरी आहे. नट लोकपण वापरतात होय.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

तोच शब्द. बांधकामाची साईट, कारखान्याची लाईन, गुन्हा घडला ती जागा, शूटिंगचा सेट, सगळ्याला गेन्बाच. म्हणून तर मला ते पुस्तकाचं नाव आवडलं. साहेब लोक वॉक करून जातात, हा तिथेच असतो.

आता 'हानाबी'. (पुढे थोडं स्पॉयलर आहे, पण हा सिनेमा गोष्टीसाठी बघायचाच नाहीये.)

दोन पोलीस मित्र, निशी आणि होरिबे. निशी स्वतः कितानो, होरिबे आपला ओसुगी. एका पाळतीवर निशीच्या जागी होरिबे थांबतो, कारण निशीला आजारी बायकोला बघायला हॉस्पिटलात जायचं असतं. तेवढ्यात होरिबेला गोळी लागते. जगतो, पण कायमचा व्हीलचेअरवर. बायको-मुलगी सोडून जातात. समुद्रावर एकटं घर. पुढचा अर्धा सिनेमा निशी बंदुका, दरोडा, बायकोला घेऊन शेवटची सहल असं सगळं करत असतो आणि मध्ये मध्ये कॅमेरा होरिबेकडे येतो, जो फक्त बसलेला आहे. बोलता बोलता तो म्हणतो की चित्रं काढावीत म्हणतोय, पण त्यासाठी चित्रकार घालतात ती चपटी बेरे टोपी वगैरे हवी ना. काही दिवसांनी घरी पार्सल येतं, रंग, ब्रश आणि एक बेरे टोपी. निशीने पाठवलेलं. हा ती टोपी घालतो. तेवढंच. मी तिथे सिनेमा थांबवला होता.

मग तो फुलांच्या दुकानासमोर येतो आणि एकेक फूल बघत राहतो, आणि मध्ये चित्रं दिसायला लागतात, प्राणी, ज्यांची डोकी फुलांची आहेत. ती चित्रं खरं तर कितानोची स्वतःची. १९९४ च्या ऑगस्टमध्ये त्याला मोटरसायकलचा जबर अपघात झाला होता, अर्धा चेहरा लुळा पडला, त्या बरं होण्याच्या काळात त्याने काढलेली. म्हणजे बघा, दिग्दर्शकाने आपल्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक भाग स्वतः नाही केला, तो ओसुगीला दिला. स्वतः काळा गॉगल लावून गोळ्या घालत फिरला.

आणि त्या फुलांच्या दुकानापुढे ओसुगी काय करतो? काहीच नाही हो. मान एवढीशी हलते. वर्षानुवर्षं नळासमोर उभा राहिलेला माणूस फुलांसमोर बसलाय.

सिनेमाला व्हेनिस महोत्सवात गोल्डन लायन हे सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, १९५८ नंतर पहिल्यांदा जपानकडे गेलं ते. ओसुगीला पुढच्या वर्षी ब्लू रिबन या जपानी पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस. सत्तेचाळीस वर्षांचा होता तेव्हा.

---

साधी_माणसं_साधे_प्रश्न

लेख छान आहे पण एक खटकलं ते बोलते. ते पिंक वगैरे एका ओळीत हसत हसत उरकलंत. तसले सिनेमे करणं यात कौतुकाचं काय आहे? बायकांचं काय होत असेल त्या सेटवर?

---

कोपऱ्यातली_खुर्ची

ताई, प्रश्न रास्त आहे, आणि मी ओळीत उरकलं ते घाबरूनच. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आज बघवत नाहीत, नावंसुद्धा इथे लिहिण्यासारखी नाहीत, कौतुक करायचा हेतू नाही.

पण करिअर समजून घ्यायचं तर ते वगळता येत नाही. पिंक म्हणजे साधारण तासाभराचा, अगदी थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत फिल्मवर काढलेला सिनेमा, स्वतःची वेगळी थिएटरं असलेला. अट एवढीच की ठराविक अंतराने तसले सीन हवेत. बाकी दिग्दर्शकाने काय वाटेल ते करावं. त्यामुळे स्टुडिओत ज्यांना दारातही उभं केलं नसतं अशी पोरं तिथे दिग्दर्शन शिकली. तकिता योजिरो तिथलाच, ज्याच्या 'डिपार्चर्स'ला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं. ओसुगीने त्याच्याकडे तेव्हा काम केलंय. 'शाल वी डान्स'वाला सुओ मासायुकी पण तिथलाच.

सुओचा पहिला सिनेमा १९८४ चा, तोही पिंक, पण केलाय पूर्ण ओझूच्या ढंगात. कॅमेरा जमिनीलगत, माणसं समोर बघून बोलणारी, लग्नाची मुलगी, विधुर बाप. ओझूच्या सिनेमांतला तो ठरलेला बाप म्हणजे र्‍यू चिशू हा नट. इथे बाप ओसुगी आहे आणि तो र्‍यू चिशूची नक्कल करतोय, तीच "हं... हो का" वाली बोलायची लकब, तेच किंचित हसू. वय होतं फक्त बत्तीस-तेहतीस! गंमत अशी की खुद्द र्‍यू चिशूनेही ओझूच्या 'तोक्यो स्टोरी'तला म्हातारा केला तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. म्हणजे तरुणपणी म्हातारा झालेल्या नटाची नक्कल करणारा तरुण नट. तो तासाभराचा सिनेमा लोक बघायला आले होते भलत्याच कारणासाठी, आणि कोपऱ्यात हा बाबा इतकं बारीक काम करत बसला होता.

---

साधी_माणसं_साधे_प्रश्न

ठीक. पटलं असं नाही पण समजलं.

---

मंगळवारचा_उपास

वाचनखूण साठवली. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

निशिकासाईकरीण

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लॉगिन करावंच लागलं. मी तोक्योत राहते, नवरा आयटीत. तुम्ही सगळे सिनेमाचं बोलताय पण इथल्या साध्या माणसाला ओसुगीसान टीव्हीमुळे माहीत. याकुझा-बिकुझा कोणाच्या लक्षात नाही. इथे २००३ मध्ये एक मालिका फार गाजली होती, जगायला एकच वर्ष उरलेल्या शिक्षकाची, त्यात नायिकेचे वडील ते होते. म्हणजे बाप, सासरा, शाळेचा संचालक, डॉक्टर, पोलिसातले वरिष्ठ असले रोल. 'आईबोऊ' ही पोलिसांची मालिका इथे वर्षानुवर्षं चालूच आहे, त्यात शेवटी शेवटी ते तोक्यो पोलिसांचे उपप्रमुख, एक आतल्या गाठीचे साहेब होते.

पण आमच्या मजल्यावरच्या आजींना ते आठवतात 'गोची'मधले म्हणून. तो एक जेवायचा गेम शो आहे हो, महागड्या हॉटेलात बसायचं, मेन्यूवर किमती नाहीत, ठरलेल्या रकमेच्या आसपास जाईल असं मागवत जायचं आणि ज्याचा अंदाज सगळ्यात चुकला त्याने सगळ्यांचं बिल स्वतःच्या खिशातून भरायचं. २०१७ मध्ये हे त्यात आले, पासष्टीचे, आणि हरल्यावर ते तोंड! आजी म्हणायच्या "आमचे हे पण रेस्टॉरंटमध्ये बिल बघून असेच करतात."

आणखी एक, ते एका कार्यक्रमात नुसते गावोगाव चालत फिरायचे. कुठल्या तरी गल्लीत जायचं, दुकानदाराशी गप्पा, पुढे. आता तुमचं ते दोन मीटर पाच मिनिटं वाचून हसू आलं. चालण्याने सुरुवात आणि शेवटी परत चालणंच.

फुटबॉलचं वेड पण प्रचंड. स्वतःची हौशी टीम होती, नाव काय तर 'इवाशी क्लब', म्हणजे तारल्यांची टीम म्हणा ना! आणि गावाकडच्या तोकुशिमा व्होर्तिसला सपोर्ट करायला चक्क स्टेडियममध्ये जाऊन बसायचे.

२०१८ चं मी लिहू का, की तुम्ही लिहिणार आहात?

---

कोपऱ्यातली_खुर्ची

तुम्हीच लिहा. मी नंतर वाचून काढलंय, तुम्ही तिथे होतात.

---

निशिकासाईकरीण

बरं. आधी 'बायप्लेयर्स'बद्दल सांगावं लागेल. जपानीत साईड रोल करणाऱ्याला वाकियाकू म्हणतात, वाकी म्हणजे बाजू, आणि तेच इंग्रजी वाटावं म्हणून "बायप्लेयर" असापण एक शब्द इथे रूढ आहे. तर २०१७ च्या जानेवारीत टीव्ही तोक्यो या वाहिनीवर शुक्रवारी मध्यरात्रीनंतर एक मालिका सुरू झाली. सहा साईड अॅक्टर, सगळे स्वतःच्याच नावाने, एका घरात एकत्र राहायला लागतात अशी गोष्ट. ओसुगी रेन, तागुची तोमोरोवो, तेराजिमा सुसुमु, मात्सुशिगे युताका, मित्सुइशी केन, एन्दो केनिची. यातले तेराजिमा म्हणजे 'सोनातिने'मध्ये पण होते, आणि मात्सुशिगे म्हणजे एकटे जेवत फिरणारे ते 'कोदोकु नो गुरुमे'वाले, ते तर भारतातपण बघतात म्हणे. सगळे पडद्यावरचे गुंड आणि इथे कोण भांडी घासणार यावर भांडतायत. ओसुगीसान सगळ्यात मोठे, थोडे गोंधळलेले, सगळ्यांना सांभाळून घेणारे. मध्यरात्रीची मालिका, पण लोकांनी डोक्यावर घेतली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये दुसरा भाग सुरू झाला, या वेळी रात्री दहाच्या सुमाराला, म्हणजे बढती. गोष्टीत तेराजिमा सोडून बाकीचे पाच जण एका निर्जन बेटावर अडकतात. शूटिंग चिबामध्ये चालू होतं. २० तारखेला दिवसभर काम केलं, रात्री हॉटेलवर आल्यावर पोटात दुखायला लागलं. मात्सुशिगे त्यांना टॅक्सीने हॉस्पिटलात घेऊन गेले. बरोबरची मंडळी तिथेच होती. २१ च्या पहाटे चारच्या आत गेले. हृदय बंद पडलं. ६६ वर्षांचे होते.

आम्हाला संध्याकाळी बातम्यांत कळलं. आणि त्याच रात्री मालिकेचा तिसरा भाग होता, ठरल्याप्रमाणे लागला. मी मुलीला झोपवून बघायला बसले. ते धावतायत, हसतायत, बेटावर काहीतरी शोधतायत. विनोदी मालिका आहे हो ती. काय करायचं कळेना, हसू येत होतं आणि लाज वाटत होती हसायची.

उरलेले भाग हातात जे होतं त्यावर जुळवून दाखवले. 'आईबोऊ'मध्ये त्या साहेबांच्या जागी सुगिमोतो तेत्ता आले.

---

दुसरी_घंटा

...

काही लिहायला सुचत नाहीये. मित्रांच्या बरोबर, मित्रांची गोष्ट करता करता, सेटवरून आल्यावर.

---

चाकणचा_शिफ्टवाला

गेम्बावरच गेला म्हणायचा माणूस.

---

खोडकर_खवीस

माझा निळूभाऊंचा विनोद मागे घेतो. सुरुवात कुठून करू सांगा. सबटायटल वाचायचा कंटाळा आहे पण बघेन. रक्त फार नको.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

रक्त नको म्हणालात तर अर्धी यादी इथेच गळाली 😅

'शिन गॉडझिला' (२०१६) लावा. त्यात तो पंतप्रधान ओकोची. राक्षस समुद्रात आहे, तज्ज्ञ सांगतात की तो जमिनीवर येऊच शकत नाही, स्वतःच्याच वजनाने चिरडेल. पंतप्रधान कॅमेऱ्यापुढे जनतेला तेच ठामपणे सांगत असतात आणि नेमकं त्याच वेळी कळतं की तो आलाय, जमिनीवर. त्या क्षणी त्याचा चेहरा बघा. दुसरा नट असता तर तिथे भुवया उडवून हशा घेतला असता. हा फक्त थिजतो. मिटिंगमागून मिटिंगा, सही कोणाची, परवानगी कोणाची, आणि मधोमध हा थकलेला, मुळात वाईट नसलेला माणूस ज्याला निर्णय घ्यायचाच नाहीये. सरकारी हापिसात एकदा तरी खेटे घातलेत त्याला हा सिनेमा विनोदीच वाटेल आणि मग वाटणार नाही.

मग साबूचा 'पोस्टमन ब्लूज' (१९९७). त्यात हा कॅन्सर झालेला, गोड, जुन्या वळणाचा भाडोत्री मारेकरी. मारेकऱ्यांची स्पर्धा भरलीये आणि याला मरायच्या आधी ती जिंकायचीये. ऐकायला येडपट, बघायला सुंदर.

कियोशी कुरोसावाचा 'क्युअर' बघाल तेव्हा एकटे बघू नका. आणि मिइकेचा 'ऑडिशन', त्यात याच्या वाट्याला जे आलंय त्यावर मी इथे काही लिहिणार नाही, लोक जेवताना धागे वाचतात.

---

तिरका_कोन

सगळे आरती ओवाळतायत म्हणून जरा मिठाचा खडा. हे महाशय प्रत्येक वेळी "फक्त थिजतात" वगैरे काही नाही हां. सिओन सोनोचा 'एक्स्ते' (२००७) बघा, केसांचं वेड असलेला शवागारातला माणूस, गाणी काय म्हणतोय, डोळे काय फिरवतोय. शुद्ध नाटकीपणा. शिवाय जो माणूस इतके शेकडो रोल करतो तो सगळीकडे जीव ओततच नाही. व्हिडिओवाल्या याकुझापटांत कित्येक ठिकाणी तो आला, खुर्चीत बसला, ओरडला, पाकीट घेतलं आणि गेला असं स्पष्ट दिसतं.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

@तिरका_कोन, 'एक्स्ते'बद्दल वाद नाही, पण तिथे तेच हवं होतं, केसांनी माणसं मारणाऱ्या सिनेमात संयम दाखवून काय करायचं? दुसरा मुद्दा मान्य. मीही असे दोन-तीन बघितलेत जिथे तो घड्याळाकडे बघत असावा अशी शंका येते. पण एक सांगू, मोठं नाव झाल्यावरसुद्धा तो लहान कामांना नाही म्हणेना. नवख्या पोरांच्या सिनेमात जायचा, एका सीनसाठी जायचा. त्यातले काही फसले. तुम्ही म्हणता ते पाकीट असेलही, पण पाकिटासाठी एवढ्या लहान जागी कशाला जायचं हा प्रश्न राहतोच.

एक सिनेमा राहिला. 'क्योकाईशी', तुरुंगातला धर्मोपदेशक. दिग्दर्शक साको दाई. फाशीची शिक्षा झालेले सहा कैदी आणि त्यांच्याशी बोलायला येणारा हा ख्रिस्ती उपदेशक, जवळजवळ पूर्ण सिनेमा एका खोलीत, टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. यात पहिल्यांदा त्याने निर्माता म्हणूनही हात घातला होता. लोकांसमोर आला २०१८ च्या ऑक्टोबरात, तो गेल्यावर सात-आठ महिन्यांनी. आयुष्यभर बाजूला उभा राहिलेला माणूस शेवटी स्वतःच्या हौसेने प्रमुख भूमिका करतो, आणि ती कोणती निवडतो, तर समोरच्याचं ऐकून घेणाऱ्याची. कैदी बोलतात. कोणी बडबड करतं, कोणी शिव्या देतं, एक तर सुरुवातीला तोंडच उघडत नाही. हा ऐकतो. कॅमेरा बराच वेळ बोलणाऱ्यावर नाहीच, ऐकणाऱ्यावर आहे.

---

दुसरी_घंटा

ऐकणं हेच सगळ्यात अवघड. आमच्याकडे मुलं तालमीत आपलं वाक्य झालं की विझतात, दिवा बंद केल्यासारखी. त्यांना हे दाखवते.

---

निशिकासाईकरीण

२०२१ मध्ये 'बायप्लेयर्स' परत आलं होतं, मालिका आणि एप्रिलमध्ये सिनेमापण. त्यात साईड अॅक्टरांची जत्राच. मी थिएटरात गेले होते, मास्क लावून, एक खुर्ची सोडून एक. आमच्या मजल्यावरच्या त्या आजींना पण नेलं. त्या मध्येच म्हणाल्या, "ओसुगीसान आत्ता येतील असं वाटतंय ना?" मी हो म्हणाले.

---

चाकणचा_शिफ्टवाला

काल थर्ड शिफ्ट करून आलो, झोप येईना म्हणून 'हानाबी' लावला. सबटायटल अर्धे वाचले अर्धे नाही. गोळीबार बाजूला ठेवा, तो समुद्राचा सीन. हा व्हीलचेअरवर बसलाय आणि लाट चाकाला लागते, परत जाते, परत येते. मला सारखं वाटत होतं आता कोणीतरी येऊन खुर्ची मागे ओढा रे. कोणी येत नाही.

त्या टोपीवर मी पण थांबवला बरं का. बायको उठली, म्हणाली सकाळी सकाळी काय रडका सिनेमा लावलाय. म्हटलं अगं रडका नाहीये, तो माणूस टोपी घालतोय फक्त. ती पण बसली मग. चहा गार झाला दोघांचा.

@कोपऱ्यातली_खुर्ची, ते 'पोस्टमन ब्लूज' कुठे मिळेल? रविवारी सुट्टी आहे.